गणिताचा तास कोणी घ्यावयाचा?

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत नव्या वर्षाच्या वेळापत्रकाचा कागद पसरला जातो. मराठीचे तास भरतात, इतिहास-भूगोलाचे भरतात, शारीरिक शिक्षणाचा तासही कोणाच्या तरी वाट्यास जातो. गणित आणि विज्ञान यांच्या चौकटींपाशी मात्र लेखणी थबकते. जत, आटपाडी, माण, पाटण, जावळी या तालुक्यांतील कित्येक शाळांत दरवर्षी हेच घडते. मग चहा मागविला जातो, शिक्षकांच्या तोंडांकडे पाहिले जाते आणि ज्याला 'नाही' म्हणणे जमत नाही अशा एखाद्या गरीब स्वभावाच्या शिक्षकाचे नाव त्या चौकटीत लिहिले जाते. कागद पुरा होतो. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यासही तो पुरा दिसतो.

हे आम्ही ऐकीव माहितीवर लिहीत नाही. संपादकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी प्रस्तुत लेखकाने काही वर्षे एका ग्रामीण माध्यमिक शाळेत मराठी शिकविले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. गणिताशी असलेला संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपलेला. एका वर्षी गणिताचे शिक्षक नोकरी सोडून गेले आणि त्यांची जागा भरेपर्यंत आठवीचा तास आमच्याकडे आला. ती जागा वर्ष संपेपर्यंत भरली नाही. रात्री मार्गदर्शक उघडून उदाहरणे सोडवावी आणि सकाळी ती फळ्यावर उतरवावी, असा आमचा क्रम चालला. एके दिवशी मधल्या बाकावरील एका मुलीने उठून विचारले, "सर, उणे गुणिले उणे अधिक का होते?" आम्ही उत्तर दिले, "तसा नियमच आहे. पाठ कर." ती निमूटपणे खाली बसली. त्यानंतर वर्षभर तिने गणिताच्या तासाला काही विचारले नाही. तिने नियम पाठ केला, ती उत्तीर्णही झाली. आमचा निकाल चांगला लागला म्हणून आमचे कौतुकही झाले. त्या कौतुकाची लाज आम्हांस आजही वाटते. कारण त्या मुलीच्या मनात उगवलेला एक खरा प्रश्न आम्ही आमचे अज्ञान झाकण्यासाठी खुडून टाकला होता.

कोणी म्हणेल, एका विषयाचे एवढे काय? मराठीचा शिक्षक कच्चा निघाला तर मूल घरी, देवळात, तमाशात, कीर्तनात भाषा ऐकते व काही तरी भरपाई होते. बीजगणित कानावर पडेल असे ठिकाण खेड्यात शाळेवाचून दुसरे नाही. सांगलीच्या विश्रामबागेत किंवा साताऱ्याच्या सदरबझारात राहणाऱ्या मुलाला शाळेतील शिक्षक आवडला नाही, तर त्याचे वडील त्याला संध्याकाळी क्लासला घालतात. जत तालुक्याच्या पूर्व टोकाला उमदी-संखच्या मुलाने काय करावे? तेथून विजापूर जवळ आणि सांगली दूर. शिवसागराच्या काठी, बामणोलीच्या पलीकडे जेथे आजही लाँचने जावे लागते, तेथील मुलीने काय करावे? कोयनेच्या पाण्यावर निर्माण झालेल्या विजेने महाराष्ट्राचे कारखाने चालले. त्या पाण्याखाली ज्यांच्या आजोबांची शेते गेली, त्या मुलांना विजेचा धडा प्रयोग करून शिकविणारा कोणी आहे काय, हे विचारण्याचा त्यांचा हक्क इतरांहून तसूभर अधिकच आहे. आठवीत गणित सुटले की दहावीनंतर अभियांत्रिकी, वैद्यक, कृषी, औषधनिर्माण, इतकेच काय पण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील चांगले अभ्यासक्रमही दुरावतात. तेरा वर्षांच्या मुलाचे भवितव्य अशा रीतीने एका रिकाम्या चौकटीत ठरून जाते आणि पुढे आपणच म्हणतो की, 'त्याला गणिताची आवडच नव्हती.'

कायदा याविषयी मुका नाही. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांचा प्रत्येकी निदान एक शिक्षक असावा, असे त्या कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे. कायद्याने जागा निर्माण होते. त्या जागेवर बसणारा माणूस मात्र कायद्याने निर्माण होत नाही. तो घडवावा लागतो, आणि घडलेला माणूस त्या गावात टिकावा लागतो. आपली सारी व्यवस्था या दोन्ही गोष्टींविषयी उदासीन आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विज्ञानाची पदवी घेतलेल्या एखाद्या हुशार तरुणाच्या दृष्टीने या नोकरीकडे पाहा. पदवीनंतर बी.एड. करावयाचे; त्याची मुदत २०१५ पासून दोन वर्षांची झाली आहे. मग अभियोग्यता परीक्षा द्यावयाची. ही परीक्षा राज्यात प्रथम २०१७ च्या डिसेंबरात झाली, दुसऱ्यांदा २०२३ मध्ये आणि तिसऱ्यांदा २०२५ मध्ये. जो तरुण २०१८ साली बी.एड. होऊन बाहेर पडला, त्याला पुढील परीक्षेसाठी जवळजवळ पाच वर्षे वाट पाहावी लागली. इतकी वर्षे पदार्थविज्ञानाचा पदवीधर घरी बसत नाही. तो पुण्यातील एखाद्या कंपनीत किंवा औषधांच्या कारखान्यात जातो आणि मग परत येत नाही. जो टिकून राहतो, त्याला निवड झाल्यावर तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून काढावी लागतात. २००० साली ही योजना आली, तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकास महिना तीन हजार रुपये मानधन होते. २०२३ साली ते प्राथमिकला १६ हजार आणि माध्यमिकला १८ हजार झाले. वाढ झाली, हे मान्य. परंतु ज्याला अन्यत्र याहून अधिक मिळू शकते, नेमका तोच गणित-विज्ञानाचा पदवीधर असतो, हे हिशेब करणाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

निवडीची रीतही विचार करण्यासारखी आहे. ही अभियोग्यता परीक्षा २०० गुणांची. १२० गुण अभियोग्यतेचे आणि ८० बुद्धिमत्तेचे. चलाख उमेदवार तीतून निवडला जाईल. पण त्याला प्रकाशाचे अपवर्तन समजले आहे की नाही, हे तीतून कळावयाचे नाही. माध्यमिक शाळेत तर एकाच शिक्षकाने विज्ञानाचे दोन्ही भाग आणि पुष्कळदा बीजगणित व भूमितीही शिकवावी अशी अपेक्षा असते. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालेली शिक्षिका विजेच्या मंडलांची उदाहरणे घेते आणि रसायनशास्त्राचा पदवीधर प्रमेये शिकवितो. यात त्यांचा दोष नाही. त्यांना तयार करणाऱ्यांनी त्यांना या प्रसंगासाठी तयार केले नाही, हा खरा दोष आहे. बी.एड. च्या अभ्यासक्रमात निदान वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावयाचे असतात. पण ते बहुधा अध्यापक महाविद्यालयाच्या जवळच्या, शहरातील भरलेल्या शाळेत काढले जातात. जेथे प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप आहे आणि तीन इयत्ता एका खोलीत बसतात, त्या शाळेचे दर्शन नव्या शिक्षकाला नेमणुकीच्या दिवशीच होते. पोहणे अंगणात शिकवून माणसाला थेट कृष्णेच्या पुरात सोडावे, त्यांतलाच हा प्रकार आहे.

मग हा शिक्षक काय करतो? पहिल्या दिवसापासून बदलीच्या वर्षांचा हिशेब करतो. त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. तो दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असतो, म्हातारे आईवडील गावी असतात, पत्नीची नोकरी तिसरीकडे असते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांसाठी २०१७ साली शासनाने 'अवघड क्षेत्र' व 'सर्वसाधारण क्षेत्र' असे भेद केले. हेतू चांगला होता. परंतु एखाद्या गावाला अवघड म्हणावयाचे आणि तेथील सेवा म्हणजे लवकरात लवकर संपवावयाचा वनवास असे मानावयाचे, या पद्धतीने त्या गावाला शिक्षक मिळतो तो मनाने आधीच निघून गेलेला.

अशा वेळी उपाय म्हणून काय सुचविले जाते? २०२४ साली पुढे आलेल्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात, दहावीला गणित किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी परंतु २० किंवा अधिक गुण मिळविणाऱ्यास उत्तीर्ण करावे आणि पुढे त्याला या विषयांच्या वाटेस जाता येणार नाही असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा, असा विचार मांडला गेला. नापासाच्या धक्क्याने शाळा सोडणाऱ्या मुलाविषयीची कळकळ त्यामागे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या मुलाला गणिताचा शिक्षकच मिळाला नाही, त्याच्या कागदावर 'हा गणितास लायक नाही' असा शेरा मारण्याचा अधिकार कोणास पोहोचतो? शेरा मारावयाचाच असेल तर तो शाळेच्या वेळापत्रकावर मारावा. पाऊस पडला नाही म्हणून माणदेशातील शेतकऱ्याला आळशी ठरविणे जितके न्याय्य, तितकेच हे न्याय्य होईल.

या दोन जिल्ह्यांना उपाय शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. १९४९ पर्यंत ते एकच होते. नंतरही १९६० पर्यंत सांगलीचे नाव दक्षिण सातारा असेच होते. याच भूमीत कराडजवळ काले येथे १९१९ साली भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. पुढील तारखांचा क्रम वाचकांनी लक्षपूर्वक पाहावा. संस्थेचे अध्यापक विद्यालय साताऱ्यात निघाले १९३५ साली. तिचे पहिले हायस्कूल निघाले १९४० साली. महाविद्यालय १९४७ साली. आधी शिक्षक, मग शाळा! खेड्यातील मुलाला वसतिगृहात आणावे, कष्ट करून शिकू द्यावे, त्यातूनच शिक्षक तयार करावा आणि त्याला खेड्यातील शाळेवर धाडावे, हा कर्मवीरांचा साधा हिशेब होता. तो शिक्षक गावाला परका नव्हता. गावाची भाषा, गावाची गरिबी आणि गावाचा दुष्काळ त्याला नव्याने शिकावा लागत नव्हता. म्हणून तो टिकला. १९५५ साली माध्यमिक शिक्षकांसाठी संस्थेचे आझाद अध्यापक महाविद्यालयही साताऱ्यातच उभे राहिले.

बाहेरच्या जगाने पुढे याच वाटेने पावले टाकली. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला, तेव्हा अमेरिकेने क्षेपणास्त्रांबरोबर आपल्या शाळांकडेही पाहिले. १९५८ च्या कायद्याने तेथे विद्यार्थ्यांना कर्जे दिली गेली आणि जो पुढे शिक्षक होईल त्याच्या कर्जातील निम्म्यापर्यंतचा भाग माफ करण्याची सोय ठेवली. २००२ पासून तेथे नॉइस यांच्या नावाची शिष्यवृत्ती चालू झाली. विज्ञान-गणिताच्या विद्यार्थ्याला पदवी घेतानाच ती मिळते आणि प्रत्येक वर्षाच्या मदतीपोटी त्याने गरजू भागातील शाळेत दोन वर्षे शिकवावे अशी अट असते. आपल्या देशातही १९६३ साली अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली आणि विज्ञान व अध्यापन यांचे एकत्रित चार वर्षांचे शिक्षण तेथे दिले जाऊ लागले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर ग्रामीण भागातील गुणवान विद्यार्थ्यांना अशा अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती द्यावी, त्यांना आपल्या भागातील शाळांत नेमणुकीस प्राधान्य मिळावे आणि खेड्यातील शिक्षकाच्या निवासाची सोय करावी, असे लिहून ठेवले आहे. लिहिलेले आचरणात आणावयाचे एवढेच उरले आहे.

तेव्हा आमची सूचना अशी. साताऱ्यातील माण, खटाव, पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि सांगलीतील जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, खानापूर, शिराळा असे दहा तालुके प्रथम घ्यावे. दरवर्षी प्रत्येक तालुक्यातील शाळांतून बारावी विज्ञान झालेली पाच मुलेमुली गुणवत्तेने निवडावी. अशा पन्नास विद्यार्थ्यांना चार वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमासाठी महिना पाच हजार रुपये शिष्यवृत्ती द्यावी. चारही वर्षांचे मिळून दोनशे विद्यार्थी एका वेळी शिकत असतील. खर्च होईल वर्षास एक कोटी वीस लाख रुपये. दोन जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांना आणि येथील साखर कारखान्यांना व सहकारी बँकांना मिळून हा भार पेलणार नाही, असे कोणी म्हणू नये. पाचव्या वर्षापासून दरसाल पन्नास शिक्षक बाहेर पडतील आणि दहाव्या वर्षी ही संख्या तीनशे होईल. साताऱ्यात आणि सांगलीत विज्ञानाची जुनी महाविद्यालये आहेत, अध्यापनशास्त्राचीही आहेत. विज्ञानाच्या प्राध्यापकाने आणि अध्यापनाच्या प्राध्यापकाने एकाच वर्गावर एकत्र काम केले, तर निम्मे काम झाले म्हणून समजावे.

या शिक्षकांची शाळेतील वीस आठवड्यांची उमेदवारी त्याच दहा तालुक्यांत व्हावी आणि ती एखाद्या अनुभवी गणित-शिक्षकाच्या हाताखाली व्हावी. जतच्या कन्नड माध्यमाच्या शाळांसाठी कन्नड जाणणारे विद्यार्थी निवडावे. कन्नड बोलणाऱ्या मुलांपुढे मराठी शिक्षक उभा करून गणित शिकविता येत नाही. शिक्षण पूर्ण होताच नेमणूक मिळावी, ती पूर्ण वेतनावर मिळावी आणि त्या बदल्यात पाच वर्षे तालुक्यातील शाळेत शिकविण्याचा करार असावा. राहण्यास दोन खोल्या शाळेजवळ बांधून द्याव्या. शिक्षिकांसाठी ही सोय सोय नसून गरज आहे.

आक्षेप येतील. राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाप्रमाणे केवळ निवासाच्या कारणावरून सरकारी नोकरीत भेद करता येत नाही, असे कायदेपंडित म्हणतील. आणि ते खरे आहे. म्हणूनच आम्ही भरतीत गाववाल्यांना जादा गुण द्या असे म्हणत नाही. शिष्यवृत्ती द्यावी, करार करावा आणि पात्रतेच्या परीक्षांत सूट देऊ नये, असे आमचे म्हणणे आहे. भरतीचे नियम त्यासाठी कसे जुळवावयाचे, हे काम शासनाच्या विधिखात्याचे; ते अवघड असेल, अशक्य नाही. दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. गरीब मुलाला करारात बांधून पुन्हा त्याच खेड्यात का पाठवावयाचे? श्रीमंताच्या मुलाने पुण्यास जावे आणि याने मात्र जतला परत यावे, हा कोणता न्याय? यास आमचे उत्तर असे की, करार स्वेच्छेचा आहे, पाच वर्षांचा आहे आणि शिष्यवृत्तीची रक्कम परत करून त्यातून मोकळे होण्याची वाट खुली ठेवावी. परंतु आमचा अनुभव सांगतो की, ज्याला गावात मान, पुरते वेतन आणि शिकविण्याचे समाधान मिळते, तो सहसा पळत नाही. पळतो तो अपमानाला आणि अनिश्चिततेला कंटाळलेला.

शेवटी एक शब्द आमच्या वाचकवर्गाशी. कराडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या आगरकरांच्या पिढीने आणि पुढे केंब्रिजचा सीनियर रँग्लर होऊन फर्गसनमध्ये गणित शिकविण्यास परत आलेल्या रघुनाथराव परांजप्यांच्या पिढीने शिक्षकी पेशाला जी प्रतिष्ठा दिली, ती आपण अभिमानाने सांगतो. पण आज आपल्या घरातील मुलगा गणितात पहिला आला आणि 'मी शिक्षक होणार' म्हणाला, तर घरात आनंद होतो काय? होत नाही, हे आपण मनाशी कबूल करावे. अठरा हजारांच्या शिक्षणसेवकाकडून आम्ही त्याग मागत नाही. त्यागाची भाषा दुसऱ्याच्या खिशावर फार शोभते. मागतो ते एवढेच की, या शहरांतील निवृत्त प्राध्यापकांनी, अभियंत्यांनी आणि शास्त्र शिकलेल्या गृहिणींनी या नव्या शिक्षकांचे मार्गदर्शक व्हावे. आणि आपल्या प्रतिनिधींना रस्ते-गटारांबरोबर हाही प्रश्न विचारावा की, आपल्या मतदारसंघात किती शाळांत गणिताचा शिक्षक नाही?

तो आकडा प्रत्येक तालुक्याच्या पंचायत समितीने दरवर्षी जूनच्या अखेरीस शाळेच्या नावासह फलकावर लावावा, ही आमची पहिली मागणी आहे. तिला पैसा लागत नाही. आमच्या वर्गातील त्या मुलीच्या प्रश्नाला आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. तिची मुलगी आज कदाचित त्याच इयत्तेत असेल आणि तोच प्रश्न विचारण्यासाठी हात वर करीत असेल. तिच्यासमोर त्या वेळी कोण उभे असावे, याचा निर्णय या वर्षीच्या वेळापत्रकाने नव्हे, तर आता हाती घेतलेल्या कामाने व्हावयाचा आहे.